स्टेप काउंटरने वजन कमी होतं का? ट्रेकिंग ग्रुप आणि फोन यांची योग्य जोडी कशी जमवायची

फोनमध्ये स्टेप काउंटर आहे, हातात बँड आहे, दोन-तीन फिटनेस ॲप्स पण आहेत, तरी वजनाचा काटा जागचा हलत नाही. ही तक्रार तुम्ही केली असेल किंवा मित्राकडून ऐकली असेल. मी पुण्यात राहतो आणि दर रविवारी सात-आठ जणांसोबत सिंहगड चढतो. कोणी जिममधले नाही, कोणाला कोच नाही. सगळे हौशी. या ग्रुपमध्ये फोन नेमका कशासाठी वापरायचा आणि कशासाठी अजिबात नाही, हे हळूहळू ठरत गेलं. त्यावरूनच हा लेख. फोन पावलं कशी मोजतो, कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, ग्रुपला काय दाखवायचं आणि काय लपवायचं, हे आपण एकेक करून पाहू.

फोन पावलं कशी मोजतो?

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाचा छोटा सेन्सर असतो. फोनचा वेग तीन दिशांना किती बदलतोय, हे तो मोजतो. आपण चालताना शरीर प्रत्येक पावलाला थोडं वर-खाली होतं. त्यामुळे सेन्सरच्या आलेखावर ठरावीक अंतराने उंचवटे दिसतात. सॉफ्टवेअर ते उंचवटे मोजतं, एवढंच.

२०१३ साली अँड्रॉइड ४.४ मध्ये स्टेप काउंटरची सोय सिस्टीममध्येच आली. त्याच वर्षी आयफोन ५एसमध्येही यासाठी वेगळी कमी वीज खाणारी चिप आली. म्हणून आज दिवसभर पावलं मोजूनही बॅटरी फारशी उतरत नाही.

पण सेन्सरला 'चालणं' कळत नाही, फक्त 'हालचाल' कळते. त्यामुळे हातवारे करून गप्पा मारल्या तरी बँड कधीकधी पावलं वाढवतो. उलट फोन सॅकच्या तळाशी असेल तर खरी पावलंही निसटतात. फोन पँटच्या खिशात ठेवला तर आकडा बराच विश्वासार्ह येतो.

ॲप पावलं मोजतच नसेल तर दोन गोष्टी तपासा:
१. अँड्रॉइड १० पासून ॲपला 'फिजिकल ॲक्टिव्हिटी' ही वेगळी परवानगी लागते. ती दिली आहे का?
२. बॅटरी सेव्हर त्या ॲपला बॅकग्राउंडमध्ये बंद करतोय का? बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरतं बंधन काढून टाका.

१०,००० पावलांचं गणित कुठून आलं?

१९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. नाव लक्षात राहिलं आणि आकडा जगभर पसरला.

जागतिक आरोग्य संघटना पावलांमध्ये बोलतच नाही. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, असं तिचं म्हणणं आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला पाहिजे. तुम्ही आज ३,००० पावलं चालत असाल तर ५,००० ही सुद्धा चांगलीच प्रगती आहे. १०,००० झाली नाहीत म्हणून दिवस वाया गेला, असं समजू नका.

कॅलरीचा आकडा का फसवा?

पावलांचा आकडा बरा असतो, पण 'इतक्या कॅलरी जळाल्या' हा आकडा अंदाजच असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात बँड आणि घड्याळं ६० जणांवर तपासली. सातपैकी सहांनी हृदयाचे ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर मोजले. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

हे लक्षात ठेवायचं कारण म्हणजे गडावरची कांदा भजी! घड्याळाने ७०० कॅलरी दाखवल्या म्हणून आपण दोन प्लेट मागवतो. एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी असतात, आणि भजी किती तेल पितात ते आपण सगळेच जाणतो. भजी खाऊ नका असं मी म्हणत नाही. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि एका प्लेटमध्ये चौघं, हा आमचा तोडगा. फक्त घड्याळाच्या भरवशावर खाण्याचा हिशेब करू नका.

बँडने वजन कमी होतं का?

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात १८ ते ३५ वयाच्या ४७१ जणांना दोन वर्षं अभ्यासलं. पहिले सहा महिने सगळ्यांना सारखाच आहार, व्यायाम आणि ग्रुपमधलं समुपदेशन. त्यानंतर एका गटाला बँड दिला, दुसऱ्या गटाने आपला व्यायाम स्वतः नोंदवायचा. २०१६ मध्ये निकाल आला. बँडवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने कमी झालं होतं, आणि बँड नसलेल्यांचं ५.९ किलोने!

याचा अर्थ बँड वाईट असा नाही. पण मोजणं म्हणजे करणं नव्हे, एवढं नक्की कळतं.

आता दुसरा प्रयोग बघा, १९९९ सालचा. वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमात काही जण एकटे आले, तर काही तीन मित्रांना घेऊन. एकटे येऊन नेहमीचा कार्यक्रम केलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी तो पूर्ण केला, पण कमी झालेलं वजन पुढे पूर्णपणे टिकवलं ते फक्त २४ टक्क्यांनी. मित्रांसोबत आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्याचं प्रशिक्षणही मिळालेल्या लोकांमध्ये ९५ टक्क्यांनी पूर्ण केला आणि ६६ टक्क्यांनी वजन टिकवलं.

थोडक्यात, फोन मोजतो, पण सातत्य टिकवतात ती माणसं. पहाटे साडेपाचला पाऊस असताना अलार्म बंद करणं सोपं असतं. पण खाली गाडी घेऊन उभा असलेला मित्र बंद करता येत नाही.

लीडरबोर्ड लावायचा की नाही?

ग्रुप झाला की पहिलं काम काय होतं? कोणीतरी लीडरबोर्ड लावतं. इथे जरा थांबा.

आमच्यात एक मित्र ९२ किलोचा होता. दर रविवारी तो सगळ्यात शेवटी वर पोहोचायचा आणि ॲपच्या यादीतही शेवटी दिसायचा. पहिला नंबर ६२ किलोच्या मित्राचा. पण शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा: वस्तू वर उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची. सिंहगडाच्या पायवाटेची चढण हिशेबासाठी ५५० मीटर धरू.

६२ किलो: ६२ × ९.८ × ५५० = सुमारे ३३४ किलोज्यूल, म्हणजे ८० कॅलरी.
९२ किलो: ९२ × ९.८ × ५५० = सुमारे ४९६ किलोज्यूल, म्हणजे ११८ कॅलरी.

हे झालं फक्त शरीर वर उचलण्याचं काम. आपले स्नायू जेमतेम पाव कार्यक्षमतेने चालतात, म्हणून प्रत्यक्षात साधारण चौपट ऊर्जा खर्च होते. म्हणजे एकाचे सव्वातीनशेच्या आसपास, दुसऱ्याचे पावणेपाचशेच्या आसपास. यादीत जो शेवटचा होता, त्यानेच सर्वांत जास्त काम केलं होतं! वेगाच्या यादीत हे कधीच दिसत नाही.

चढणीचा आणखी एक घोळ आहे. स्टेप काउंटरला सपाट रस्ता आणि चढ सारखाच. उंची मोजायला बॅरोमीटर म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर लागतो, आणि स्वस्त फोनमध्ये तो बहुतेक नसतो. मग ॲप जीपीएस किंवा नकाशावरून उंचीचा अंदाज बांधतं. म्हणून एकाच वाटेने गेलेल्या दोघांच्या फोनवर उंची वेगळी येते. त्यावरून भांडू नका.

तो मित्र दोन रविवार आलाच नाही. 'मी तुम्हाला उशीर करतो' एवढंच म्हणाला. त्यानंतर आम्ही यादी काढून टाकली आणि हजेरी सुरू केली. आता तो येतो. पुढे चालणारे प्रत्येक टप्प्यावर थांबतात, आणि तो पोहोचल्यावरही त्याला दम खायला वेळ मिळेपर्यंत कोणी उठत नाही.

हजेरीची पद्धत अशी करा

१. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये रोज रात्री एक पोल टाका: 'आज ३० मिनिटं हालचाल झाली का?' पर्याय तीन: झाली, थोडी झाली, आज नाही. एकच पर्याय निवडता येईल अशी सेटिंग ठेवा.
२. 'आज नाही' म्हणणाऱ्याला टोमणा मारायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. सलग तीन दिवस 'नाही' आलं तर कोणीतरी एकाने फोन करायचा. ग्रुपवर नाही, थेट फोन.
३. आठवड्याला एक प्रत्यक्ष भेट ठेवा. टेकडी, गड, सायकल, काहीही चालेल.
४. वजनाचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. पाणी, मीठ आणि जेवण यामुळे वजन एका दिवसात किलो-दीड किलो सहज वर-खाली होतं. स्वतःसाठी आठवड्याची सरासरी काढा, तीच खरी.
५. लांबचं ध्येय एकत्र ठरवा. आमचं कळसूबाई होतं, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. 'पाच किलो कमी करायचे' यापेक्षा 'बारी गावातून वर जायचंय' हे जास्त ओढून नेतं.

ग्रुपला लोकेशन किती दाखवायचं?

हा भाग वगळू नका, विशेषतः मुलींनी. स्ट्राव्हासारखं ॲप तुमचा संपूर्ण रस्ता नकाशावर ठेवतं. रोज एकाच दारातून निघालात तर घर कुठे आहे आणि तुम्ही किती वाजता बाहेर पडता, हे बघणाऱ्याला कळतं. २०१८ च्या सुरुवातीला याच ॲपच्या जागतिक हीटमॅपवर अनेक देशांच्या लष्करी तळांमधले रस्ते उघडे पडले होते. सैनिक फक्त व्यायाम नोंदवत होते.

म्हणून इतकं करा:
१. सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी कंट्रोल्स'मध्ये जाऊन ॲक्टिव्हिटी 'एव्हरीवन'ऐवजी 'फॉलोअर्स' किंवा 'ओन्ली यू' करा.
२. तिथेच 'मॅप व्हिजिबिलिटी'मध्ये घराचा पत्ता टाकून रस्त्याची सुरुवात आणि शेवट लपवा.
३. अनोळखी फॉलो रिक्वेस्ट स्वीकारू नका, प्रोफाइलवर कितीही गडांचे फोटो असले तरी.
४. ट्रेकच्या दिवशी घरच्यांना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन द्या. १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असे पर्याय असतात. ट्रेकला ८ तासांचा घ्या.

एक लक्षात घ्या, जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण लाइव्ह लोकेशन पाठवायला लागतं. डोंगरात रेंज गेली की घरच्यांना तुमची जुनी जागाच दिसत राहते. त्यामुळे निघण्याआधी कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परत येणार, हे तोंडी सांगून ठेवाच.

कोणता आकडा कोणासाठी?

पावलं आणि मिनिटं: स्वतःसाठी, कालच्या स्वतःशी तुलना करायला.
वजन: फक्त स्वतःसाठी, आठवड्याची सरासरी.
कॅलरी: बघितली तरी चालेल, त्यावर जेवण ठरवू नका.
रस्ता आणि लोकेशन: घरचे आणि ओळखीचे, बाकी कोणी नाही.
हजेरी: पूर्ण ग्रुपसाठी.

छातीत दुखणं, चक्कर किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल तर गडाआधी डॉक्टरांना भेटा आणि सुरुवात सपाट रस्त्याने करा.

नवीन बँड घ्यायचा विचार करत असाल तर घाई करू नका. खिशातला फोन आत्ता पुरेसा आहे. आधी तीन माणसं शोधा: ऑफिसमधला एक, सोसायटीतला एक, कॉलेजचा जुना एक. आज रात्रीच ग्रुप बनवा, पहिला पोल टाका आणि येत्या रविवारची वेळ ठरवा. वेग मात्र तुमच्यातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याचा ठेवा.