वास गेला, की नाक सरावलं?

आई-बाबांचा फोन येतो, ‘अर्ध्या तासात तुझ्या रूमवर पोहोचतोय.’ पुढचा सीन तुम्हाला पाठ आहे. कपडे कॉटखाली, भांडी सिंकमध्ये आणि शेवटचं अस्त्र म्हणजे सॉकेटमध्ये खोचलेला फ्रेशनर, थेट फुल्लवर! दहा मिनिटांत रूमला लॅव्हेंडरचा वास. काम झालं?

झालंही आणि नाहीही. कॉट बेसिसवर राहणाऱ्या, पीजीत किंवा तिघा-चौघांत फ्लॅट शेअर करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बोर्डावर आता मच्छरवाल्या मशीनच्या शेजारी हे दुसरं मशीन दिसायला लागलंय. सोपं आहे, धूर नाही, अगरबत्तीसारखी राख नाही. पण ते नेमकं करतं काय, हे एकदा समजून घ्या. कारण त्या खोलीत रोज सात-आठ तास झोपून श्वास घेणारे तुम्हीच आहात.

मशीन चालतं कसं?

बाटलीत सुगंधी द्रव असतो. त्यात बुडलेली वात दिव्याच्या वातीसारखा तो वर ओढते. वरच्या टोकाशी छोटा हीटर असतो. त्याच्या उबेनं द्रवाची वाफ होते आणि वास खोलीभर पसरतो. विजेचं म्हणाल तर खर्च किरकोळ. ३ वॅटचं मशीन धरलं आणि ते महिनाभर २४ तास चालवलं, तरी जेमतेम दोन युनिट. खरा खर्च रिफिलचा. डब्यावर लिहिलेले दिवस बहुतेकदा सगळ्यात कमी सेटिंगवरचे असतात. तुम्ही फुल्लवर ठेवलं की बाटली त्याआधीच संपणार.

आता महत्त्वाची गोष्ट. हे मशीन घाण वास खोलीबाहेर काढत नाही. ओल्या टॉवेलचा वास तिथंच असतो, त्यावर दुसरा वास येऊन बसतो.

नाकाचा खेळ

नवीन रिफिल लावल्यावर पहिल्या दिवशी मस्त वाटतं आणि चौथ्या दिवशी वासच येत नाही, असं झालंय ना? मग आपण सेटिंग वाढवतो. खरंतर वास तेवढाच असतो, फक्त नाक सरावलेलं असतं. सतत येणाऱ्या वासाकडे मेंदू दुर्लक्ष करायला लागतो. म्हणूनच आपल्या रूमचा कुबट वास आपल्याला कळत नाही, पण दारात आलेल्या मित्राचं तोंड वाकडं होतं. त्यामुळे फ्रेशनरचा वास जास्त झालाय का, हे स्वतःच्या नाकाला विचारू नका. बाहेरून आलेल्याला विचारा.

लेबलवर काय नसतं?

अमेरिकेतल्या संशोधक अॅन स्टाइनमन यांच्या गटानं २०११ मध्ये २५ सुगंधी उत्पादनं तपासली होती. त्यात फ्रेशनर होते, तसे डिटर्जंट आणि क्लीनरही होते. त्यांतून हवेत उडणारी १३३ वेगवेगळी रसायनं सापडली. लेबलवर मात्र त्यातलं जवळपास काहीच लिहिलेलं नव्हतं. ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दात सगळं मावतं.

यातली सगळी रसायनं घातक आहेत, असं अजिबात नाही. पण एक उदाहरण बघा. लिंबू-संत्र्याच्या वासाचं लिमोनीन संत्र्याच्या सालीतही असतं. हवेतल्या ओझोनशी त्याची अभिक्रिया झाली की थोड्या प्रमाणात फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. खेळती हवा असलेल्या हॉलमध्ये हे पसरून जातं. दहा बाय दहाच्या, खिडकी बंद असलेल्या, तीन कॉटच्या खोलीत मात्र ते साठत राहतं.

म्हणून रूममेटला दमा, सर्दीची अॅलर्जी किंवा मायग्रेन असेल, तर मशीन लावण्याआधी त्याला किंवा तिला विचारा. ‘मला काही होत नाही’ हे उत्तर शेअरिंगच्या खोलीत चालत नाही. घरी मांजर किंवा पक्षी असेल तर त्यांच्या खोलीत हे नकोच.

वास हा निरोपही असतो

घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. छोट्या किचनशेजारी सुगंधाचा मारा चालू असेल, तर हा इशारा दबू शकतो. गॅसचा वास आलाच तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, प्लगही उपसू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ या एलपीजी हेल्पलाइनला फोन लावा.

दुसरा निरोप ओलीचा. जूनमध्ये अॅडमिशनच्या गडबडीत रूम बघायला जाल आणि आत फ्रेशनर जोरात चालू असेल, तर तो बंद करायला सांगा. कपाटाचं दार उघडून आत वास घ्या. कॉटमागची भिंत हातानं चाचपा. कुबट वास आला किंवा पोपडे दिसले तर पावसाळ्यात तिथं बुरशी ठरलेली. डिपॉझिट देण्याआधीच फोटो काढून ओनरला पाठवून ठेवा.

मग करायचं काय?

- वासाचं मूळ शोधा. बहुतेक वेळा आरोपी चारच असतात : ओला टॉवेल, बूट-मोजे, डस्टबिन आणि बाथरूमची जाळी.
- दिवाळीच्या सुट्टीनंतर रूम उघडली आणि गटाराचा वास आला, तर बाथरूमच्या जाळीत दोन मग पाणी ओता. जाळीखालच्या वाकड्या पाइपात साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. सुट्टीत ते सुकून जातं.
- बूट लागोपाठ दोन दिवस घालू नका. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओल शोषली जाते.
- सकाळी दहा मिनिटं समोरासमोरची दार-खिडकी उघडा. एक्झॉस्ट असेल तर अंघोळीनंतर चालू ठेवा.
- इतकं करूनही फ्रेशनर हवाच असेल, तर सगळ्यात कमी सेटिंगवर, तासाभरापुरता लावा. झोपताना आणि बाहेर जाताना बंद.
- मशीन उभंच राहिलं पाहिजे. जमिनीवर आडव्या पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात लावलं की बाटली तिरकी होते आणि द्रव गळतो. पडद्यामागे, कपड्यांखाली किंवा सैल सॉकेटमध्येही नको.
- मच्छरच्या मशीनमध्ये फ्रेशनरची बाटली बसवायचा जुगाड करू नका. प्रत्येक हीटर त्याच्या द्रवासाठी बनवलेला असतो.

आणि सुवासच हवा असेल, तर संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा घ्या, वाटीभर पाण्यात ठेवा. सकाळी फुलं सुकतील, म्हणजे निदान नवीन घ्यायची वेळ झाली हे तरी कळेल. येत्या रविवारी रूममेटला हाताशी घेऊन आधी तो टॉवेल धुवा. मशीनचं बटण त्यानंतर, लागलंच तर.