गाजराला फाटे कोण फोडतो?



‘गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. पुंगी करावयाची तर गाजर आधी सरळ असावे लागते, हे मात्र म्हणीने गृहीतच धरले आहे. प्रत्यक्ष मंडईत जाऊन पाहावे, तो ढिगातली सगळीच गाजरे सरळ नसतात. एखाद्याला दोन पाय फुटलेले, एखाद्याला पाच बोटे, एखाद्याच्या अंगावर बारीक मुळांची दाढी, तर एखादे उभे तडकलेले. गिऱ्हाईक सरळ गाजरे वेचून घेते आणि ही वेडीविद्री मागे राहतात. मुलांना ती पाहून हसू येते. ज्याने ती पिकविली त्याला येत नाही. चवीत किंवा गुणात दोन पायांचे गाजर कमी नसते. पण ते धुवावयास, सोलावयास, किसावयास अवघड, म्हणून प्रतवारीत बाजूला पडते. बियाणे, पाणी, खुरपणी यांचा खर्च दोघांवर सारखाच झालेला असतो. भाव मात्र सारखा मिळत नाही.

या वाकडेपणाला जबाबदार कोण, असे विचारले म्हणजे दोन उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, ‘ही सारी युरियाची करणी. पूर्वी शेणखतावर गाजरे कशी सरळसोट येत!’ दुसरीकडे, घरामागे दोन वाफे करणारे एखादे हौशी गृहस्थ सांगतात, ‘आम्ही रासायनिक खताचा कणही घातला नाही, गोठ्यातले शेण मात्र भरपूर घातले, तरी एकही गाजर धड निघाले नाही.’ दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये, यासाठी आधी गाजर वाढते कसे ते पाहू.

गाजर म्हणजे त्या झाडाचे सोटमूळ. पहिल्या वर्षी झाड आपले अन्न या मुळात साठविते आणि दुसऱ्या वर्षी त्या शिदोरीवर फुलोरा काढून बी धरते. आपण मधेच ती शिदोरी पळवितो, एवढेच. बी रुजावयास आठ ते पंधरा दिवस लागतात. वर दोन नाजूक पाने दिसतात न दिसतात, तोच खाली सोटमुळाची धाव सुरू झालेली असते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ते वीतभर किंवा त्याहूनही खोल जाते. पण तेव्हा त्याची जाडी दोऱ्याएवढीच असते. फुगणे नंतरचे. मुळाच्या आत एधा नावाचा पेशींचा एक थर असतो. तो आतल्या बाजूस काष्ठ आणि बाहेरच्या बाजूस परिकाष्ठ तयार करीत जातो. गाजर आडवे कापले असता मधला फिकट गाभा आणि त्याभोवतीचा गडद, गोड भाग दिसतो, तो या एकाच थराच्या दोन बाजूंचा संसार होय. कॅथरिन ईसॉ या विदुषींनी कॅलिफोर्नियात 1940 साली गाजराच्या मुळाची ही अंतर्रचना तपशीलवार वर्णिली.

तात्पर्य, आधी लांबी, मग जाडी. गाजराचा आराखडा पहिल्या महिन्यातच ठरतो. पुढचे दोन-तीन महिने त्या आराखड्यात भर पडत असते. आपल्याला फाटा दिसतो काढणीच्या दिवशी, पण तो फुटलेला असतो दोरा मातीत उतरत होता तेव्हा.

आता हा फाटा फुटतो कसा? आपल्या अंगणातली तुळस आठवा. तिचा शेंडा खुडला की खालून फुटवे येतात आणि झाड डेरेदार होते. शेंडा असेपर्यंत तो बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. मुळाच्या टोकालाही असाच अधिकार असतो. ते टोक सुखरूप असेपर्यंत सोटमूळ सरळ खाली जाते आणि बाजूची उपमुळे केसाएवढीच राहतात. टोक दुखावले, जळले, कुजले किंवा दगडावर अडले, म्हणजे राज्य निर्नायकी होते. दोन-तीन उपमुळे पुढे सरसावतात, प्रत्येक जण सोटमूळ होऊ पाहतो आणि पुढे तीच जाड होतात. दोन पायांचे गाजर म्हणतात ते हेच. गाजराचे रोप उपटून दुसरीकडे लावू नये असे माळी सांगतात, त्याचेही कारण हेच.

म्हणजे आपला प्रश्न आता नेमका झाला. नत्रयुक्त खत मुळाच्या टोकाला इजा करते काय? उत्तर असे की, खताचे रूप, वेळ आणि जागा यांवर ते अवलंबून आहे.

युरियाचा दाणा घ्या. त्यात शेकडा 46 भाग नत्र असते. ओल्या मातीत पडल्यावर जमिनीतील युरिएज नावाच्या विकराने तो थोड्याच दिवसांत फुटतो आणि त्यातून अमोनिया निघतो. त्या दाण्याभोवतीची इवलीशी जागा काही काळ तीव्र अल्कधर्मी होते. दोऱ्याएवढे मूळ नेमके त्या जागेतून जात असेल, तर त्याचे टोक भाजून निघते. शिवाय कोणत्याही विद्राव्य खताच्या दाण्याभोवती क्षारांचे प्रमाण वाढते, आणि गाजर हे क्षाराला फार हळवे पीक आहे. पुढे जमिनीतील सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि ते पाण्याबरोबर पसरते. तेव्हा बियाच्या ओळीतच दाणेदार खत टाकणे म्हणजे पाळण्यात निखारा ठेवणे होय. तेच खत महिन्याभराने, सोटमूळ खोल गेल्यावर, ओळीपासून दूर आणि पाण्याबरोबर दिले तर त्या टोकाशी त्याची गाठच पडत नाही. नत्राचे हप्ते पाडावेत, काही पेरणीच्या वेळी मातीत नीट मिसळून आणि उरलेले महिन्याने द्यावे, असे शेतीतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

अंगावरच्या दाढीचे कारण निराळे आहे. मुळांना नत्र कोठे आहे ते कळते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एम. सी. ड्र्यू या शास्त्रज्ञाने 1975 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जवाच्या मुळाच्या एका लहान पट्ट्याला भरपूर नायट्रेट दिले आणि वरच्या-खालच्या भागांना अगदी थोडे. नेमक्या त्या पट्ट्यात उपमुळांची दाटी झाली. अमोनियम आणि स्फुरद यांनीही तसेच घडले. पालाशाने घडले नाही. जेवणावळीत जिथे वाढपी थांबतो तिथे पंगत दाटावी, तसा हा प्रकार. जव म्हणजे गाजर नव्हे. पण मातीत खत सारखे न मिसळता त्याचे गठ्ठे राहिले, तर गाजराच्या अंगावर त्या ठिकाणी मुळांचे झुबके का येतात, याचा उलगडा या न्यायाने होतो.

आता दुसरा आरोपी, म्हणजे ताजे शेण. ‘नैसर्गिक’ या शब्दाने आपण निःशंक होतो. मुळाला शब्द कळत नाहीत. ताजे शेण आणि गोमूत्राने भिजलेला पाचोळा कुजू लागला की त्यातूनही अमोनियाच निघतो. रसायन एकच, ते पोत्यातून आले की गोठ्यातून, याची चौकशी मुळाचे टोक करीत नाही. त्यात शेणाचे गोळे मातीत तसेच राहतात. मूळ त्यांच्यावर अडते किंवा आत शिरून कुजते. उकिरड्यात वर्षभर मुरलेल्या, काळ्या, भुसभुशीत, मातीचा वास येणाऱ्या खताची गोष्ट वेगळी. त्यातला अमोनिया निघून गेलेला किंवा सूक्ष्मजंतूंनी बांधून टाकलेला असतो. शेणखतात नत्र शेकडा अर्धा भाग धरले, तर युरियाच्या 45 किलोच्या एका पोत्यात असते तेवढे, म्हणजे सुमारे 21 किलो, नत्र मिळविण्यास चार टनांवर शेणखत लागेल. आणि तेही हळूहळू, महिनोन् महिने मिळत राहील. गाजराला हा सावकाश हिशेब मानवतो. त्याची बारीक मुळे मीटरभराहून खोल जातात आणि खालचे नत्रही वर ओढून आणतात. आणखी एक गोष्ट, गाजर आपण कोशिंबिरीत कच्चे खातो. ताज्या शेणातले रोगजंतू आपल्या पानात येऊ नयेत, एवढ्यासाठीसुद्धा ते गाजराच्या वाफ्यात घालू नये.

नत्र अजिबात नको, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्यावाचून पाने पिवळी पडतात, आणि पानांवाचून मुळात साठवावयास काहीच नाही. पण बेतापेक्षा अधिक झाले की पाला गुडघ्याशी येतो, पाहणारा खूश होतो, आणि खाली गाजर त्या मानाने लहान, पक्व होण्यास उशीर लावणारे निघते. जमीन तापून कोरडी पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिले तर गाजरे तडकतात. नत्राने माजलेली आधी तडकतात. मुळात नायट्रेटही अधिक साठते, आणि उरलेले झिरपून विहिरीला मिळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय मानक सांगते. तान्ह्या मुलांच्या रक्ताला ते बाधते. युरिया इतर खतांच्या मानाने स्वस्त, म्हणून हात सैल सुटतो. अति तेथे माती, हे येथे अक्षरशः खरे आहे.

न्यायाच्या दृष्टीने इतर आरोपींचीही नावे घेतली पाहिजेत. खडे आणि ढेकळे यांचा वाटा मोठा आहे. आपली काळी जमीन कसदार खरी, पण वाळली की दगडासारखी होते. पोयट्याच्या भुसभुशीत जमिनीत जे गाजर सरळ उतरते ते तिच्यात वाट चुकते. अशा ठिकाणी लांब जातीऐवजी चँटेनीसारखी आखूड, निमुळती जात बरी, किंवा वरंब्यावर पेरणी करावी. साचलेले पाणी टोक कुजविते. सूत्रकृमी मुळांवर गाठी आणून फाटे फोडतात. विरळणी न केल्यास गाजरे एकमेकांत गुरफटतात. हवामानाचाही हात आहे. पंधरा ते वीस अंश उष्णतामानात रंग आणि आकार चांगला येतो. उन्हाळा वाढला की गाजर आखूड राहते. इतक्या जणांनी केलेले काम एकट्या युरियाच्या माथी मारणे, किंवा शेणखताला निर्दोष म्हणून सोडून देणे, दोन्ही अन्यायाचेच होय.

माझे म्हणणे माझ्या शब्दावर मानू नका. आता वैशाखात नव्हे, दसरा-दिवाळीच्या सुमारास, फूटभर खोलीचे आणि तळाला भोके पाडलेले चार डबे घ्या. चारही डब्यांत चाळलेली माती आणि चांगले मुरलेले खत सारखे मिसळून भरा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात ताज्या शेणाचे गोळे मिसळा. तिसऱ्यात खडे घाला. चौथ्याला पेरणीनंतर महिन्याने, पाच लिटर पाण्यात चहाचा सपाट चमचाभर युरिया विरघळवून, त्यातले थोडे पाणी द्या. बी, पाणी आणि ऊन सर्वांना सारखे ठेवा. तीन-साडेतीन महिन्यांनी चारही डबे रिकामे करून गाजरे ओळीने मांडा आणि घरातल्या मुलांना मोजावयास सांगा, कोणत्या डब्यात किती फाटे. सारख्या परिस्थितीत एकच गोष्ट बदलून पाहणे, यालाच प्रयोग म्हणतात. त्याला प्रयोगशाळा लागतेच असे नाही.

आणि तोवर मंडईत एखादे दोन पायांचे गाजर दिसले, तर ते बाजूला सारण्यापूर्वी क्षणभर हातात घ्या. पहिल्या महिन्यात, कोणी पाहत नसताना, त्या दोऱ्याच्या टोकाला मातीत काय भेटले, याची ती नोंद आहे. किसणीवर थोडा त्रास होईल. हलव्यात काही फरक पडणार नाही. पिकविणाऱ्याला मात्र चार पैसे मिळतील.