छातीतली जळजळ आणि चिनी सुया

गेल्या रमजानमध्ये अम्मीच्या छातीत रोज पहाटे जळजळ व्हायची. सहरीला रात्रीचे मटण, वर चहा, आणि फजरची नमाज झाली की पुन्हा अंथरूण. आडवे होताच आंबट पाणी घशाशी. वेल्ह्याच्या एका नातेवाइकाने सल्ला दिला, "पुण्याला जाऊन सुया टोचून घ्या, गोळ्या कायमच्या सुटतील." भोरहून पुण्याला जाण्या-येण्यात दिवस मोडतो. म्हणून आधी मी थोडे वाचले.

ही विद्या आपल्याला परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केले. महाराष्ट्रात तर त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा टोचणाऱ्याची नोंदणी विचारायला संकोच नको. सुईसुद्धा आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली की आम्ल वर येते. चिनी वैद्य म्हणतात, खाली जायची 'ची' उलटी वर चढते. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे वर 'नेइग्वान' हा बिंदू आहे. मळमळीवर त्याचा उपयोग बराच तपासला गेला आहे. जळजळीवर पुरावा तोकडा. अमेरिकेत ॲरिझोनात गोळीने गुण न आलेले ३० रुग्ण घेतले. काहींची गोळी दुप्पट केली, बाकीच्यांना तीच गोळी ठेवून वर सुया दिल्या. २००७ साली निष्कर्ष आला, सुयांनी जास्त आराम पडला. पण ३० म्हणजे आमच्या शाळेतला एक वर्गही नाही! शिवाय गोळी कोणाचीच बंद केली नव्हती. नातेवाइकाने नेमके हेच सांगितले नव्हते.

चिनी जडीबुटीची पुडी मात्र नावगाव कळल्याशिवाय घेऊ नये. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकात अशा एका वनस्पतीने अनेक बायकांची मूत्रपिंडे निकामी केली.

अम्मीला मी आधी डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढला. जळजळीबरोबर घाम, धाप किंवा हातात, जबड्यात कळ असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते; तेव्हा घरात सोडा पाजत बसू नये. घास अडकणे, काळी शौच, वजन उतरणे यांसाठीही तपासणी लगेच हवी.

ईसीजी ठीक निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, आम्ही खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. सहरीला आता भाकरी आणि दुधी, फजरनंतर अंगणात फेऱ्या. जळजळ आठवड्यातून एखादे वेळी होते. सुयांचे ईदनंतर बघू, असे अम्मी म्हणाली होती. अजून काही तिने पुण्याचे नाव काढलेले नाही.