जड गाडीची उचल : वजन, पाटे आणि पहिले अठरा मीटर

मागच्या वेळी आपण इंजिनाच्या ताकदीबद्दल बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा : जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये १.८ लिटरचं इसुझू इंजिन आहे, ताकद पुरेशी आहे, तरी ड्रॅग शर्यतीत गाडी जागेवरच चाकं का फिरवते? आज फक्त या एका प्रश्नाचं उत्तर शोधू.

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ पट्टा, थांबलेल्या गाडीपासून सुरुवात आणि साधारण ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल अंतर. या खेळात पहिल्या १८ मीटरना, जुन्या मापात ६० फुटांना, फार महत्त्व आहे. तिथे गेलेला वेळ पुढे भरून काढणं कठीण. आणि त्या १८ मीटरमध्ये इंजिनापेक्षा जास्त काम करतं ते सस्पेन्शन.

ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हे शिकायला शर्यतीचा पट्टा लागत नाही. गळीत हंगामात प्रवरानगरच्या रस्त्यावर उभं राहा. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना चढावर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, कधी पुढची चाकं जमिनीवरून उचलतात. तेव्हा वजन नाहीसं झालेलं नसतं, पुढचं वजन मागच्या चाकांवर गेलेलं असतं. म्हणून तर मागची चाकं घट्ट पकडतात. आणि हेच प्रमाणाबाहेर गेलं की ट्रॅक्टर मागे उलटतो. ट्रॉली जोडण्याची जागा मागच्या ॲक्सलपेक्षा खाली ठेवायची, ती याचसाठी.

गाडीतही तेच होतं. किती वजन मागे जातं, याचा हिशोब सोपा आहे : गाडीचं वजन गुणिले प्रवेग, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर.

अ‍ॅम्बेसेडरचं चाकांमधलं अंतर सुमारे २.४६ मीटर. चालकासह वजन १२०० किलो धरू, गुरुत्वमध्य ०.६ मीटर उंचीवर धरू आणि उभ्या गाडीत मागच्या चाकांवर ५४० किलो भार धरू. हे आकडे हिशोबापुरते आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही काट्यावर मोजा. आता गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट प्रवेग हवा असेल, तर मागच्या टायरनी ४८० किलो इतका जोर जमिनीवर लावायला हवा. टायर आपल्यावरच्या भाराच्या ०.८ पट पकड देतो असं मानलं, तर उभ्या गाडीच्या ५४० किलोवर पकड मिळते ४३२. कमी पडली! पण त्या प्रवेगाला सुमारे ११७ किलो वजन मागे जातं. मग मागे होतात ६५७ आणि पकड होते ५२६. आता पुरली.

मग सस्पेन्शन काय करतं?

इथे एक गैरसमज काढून टाकू. गाडीचं नाक वर गेलं म्हणून वजन मागे जातं, असं नाही. सूत्रात स्प्रिंग कुठे आहे का? नाही. नाक फार उचललं तर गुरुत्वमध्य थोडा वर जातो, तेवढीच काय ती भर. सस्पेन्शन ठरवतं ते वजन *कसं* आणि *किती लवकर* मागच्या टायरवर पोहोचेल ते, आणि पोहोचल्यावर तिथे टिकेल की उड्या मारेल ते.

पुढचं आधी बघू. अ‍ॅम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळली जाणारी पोलादी कांब. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाडा पाहिला असेल, त्याची चाकंही याच तत्त्वावर तोललेली असतात. उचल घेताना ही कांब सुटते आणि नाक वर येतं. पुढचे शॉकॲब्सॉर्बर उघडताना फार कडक असतील तर ते नाक धरून ठेवतात, म्हणून उघडण्याची दिशा थोडी सैल लागते. अगदी सैल केली तर गियर बदलताना नाक आदळतं आणि मागची पकड पुन्हा सुटते.

खरी गडबड मागे

मागे पाटे आहेत. चाक पुढच्या दिशेने फिरतं, तेव्हा ॲक्सलचं घर उलट्या दिशेने फिरू पाहतं. डिफरन्शियलचं तोंड वर उचलतं, पाट्याचा पुढचा भाग वर फुगतो, मागचा खाली दबतो. पाटा इंग्रजी 'एस'सारखा वाकतो. टायर निसटला की पाटा झटक्यात सरळ होतो. टायर परत पकडतो, पाटा परत वाकतो. मागून जो धडधड आवाज येतो तो हा. नुसता वेळ जात नाही, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस आणि हाफ शाफ्टसुद्धा तुटू शकतो.

उपाय क्रमाने करायचे. आधी पाट्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट तपासा. ते सैल असतील तर पुढचं सगळं व्यर्थ. मग पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर जादा क्लॅम्प, म्हणजे तो भाग एकसंध वागेल. त्यानंतर ट्रॅक्शन बार : ॲक्सलला घट्ट बांधलेली, पाट्याखालून पुढे जाणारी पट्टी, टोकाला रबर. ॲक्सल फिरू लागला की रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकतं, पाटा वाकायचा थांबतो आणि तो जोर टायर खाली दाबायला वापरला जातो.

आणखी एक. प्रॉपेलर शाफ्टच्या पिळामुळे मागचं उजवं चाक हलकं होतं. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना मिळणारा जोर कमजोर चाकाएवढाच, म्हणून बहुतेक वेळा उजवंच चाक फिरताना दिसतं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्याचं वजन थोडी मदत करतं. राहिलेलं काम उजव्या बाजूला पाट्याचा थोडा जास्त ताण देऊन करतात.

एका वेळी एकच बदल करा. चाकाच्या कमानीवर खडूची खूण करा, बाजूने मोबाइलवर संथ गतीचं चित्रण घ्या, १८ मीटरचा वेळ लिहून ठेवा. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला हे कळणारच नाही.

परतीचा रस्ता

शेवटचा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वरचं सूत्र ब्रेक लावतानाही चालतं, फक्त दिशा उलटी. ०.६ पट ब्रेक लावला की सुमारे १७६ किलो पुढे जातात, मागे राहतात ३६४. पुढचे शॉकॲब्सॉर्बर सैल, मागची हवा कमी केलेली, उजवी-डावी बाजू मुद्दाम असमान, आणि अशा गाडीत तुम्ही संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट उतरताय. वळणावर हलकी झालेली मागची चाकं आवळली गेली तर गाडी फिरते. तिथे घरची माणसं मागच्या सीटवर असतात. म्हणून प्रत्येक बदल परत फिरवता येईल असाच करा, मूळ मापं वहीत लिहून ठेवा आणि घरी निघण्याआधी ती परत आणा.

सराव रस्त्यावर नको. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत किंवा चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. बंदिस्त, परवानगी असलेली धावपट्टी हीच जागा. आणि अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलंय. घरात आजोबांपासून चालत आलेली गाडी असेल, तर तिच्या ॲक्सलवर किती जोर टाकायचा हे स्टॉपवॉचकडे बघून ठरवू नका.

पुढच्या व्याख्यानात ब्रेक. तोपर्यंत आपापल्या गाडीचे बुश बघून ठेवा.