संकल्प, नेम आणि गावाची साक्ष

धार्मिक कार्याच्या आरंभी यजमान उजव्या हातावर पळीभर पाणी घेतो आणि संकल्प सोडतो. संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, कार्य जिथे होत आहे तो प्रदेश, स्वतःचे नाव-गोत्र आणि शेवटी आपण काय करणार आहोत व कशासाठी, हे सारे उच्चारून झाले की पाणी ताम्हनात पडते. मनातली इच्छा तारीख, ठिकाण आणि नाव घेऊन चारचौघांत येते. स्वतःत सुधारणा करण्याची महाराष्ट्रातली जुनी रीत याच रचनेवर उभी आहे: आधी उच्चार, मग ठरावीक मुदतीचा नेम आणि मुदत भरल्यावर उद्यापन. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात कोणी कांदा, लसूण आणि वांगे सोडते, कोणी एकभुक्त राहते, कोणी पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय अन्नाला शिवत नाही. आयुष्य पालटून जाईल असे यात काही नसते. पण एक लहानशी गोष्ट चार महिने न चुकता केली की माणसाला स्वतःच्या शब्दाचा भरवसा वाटू लागतो, आणि पुढचा मोठा बदल त्या भरवशावरच होतो.

श्रद्धा, समाज आणि आत्मसुधारणा यांची ही गुंफण जुन्नर तालुक्यात फार स्पष्ट पाहायला मिळते. आळेफाट्याहून अहिल्यानगरच्या दिशेने निघाले की बेल्हे मागे पडते, गुळुंचवाडीचा नैसर्गिक दगडी पूल लागतो आणि घाट चढून गेल्यावर आणे पठार सुरू होते. तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा धो धो पाऊस. हे पूर्वेकडचे पठार मात्र पर्जन्यछायेतले, अवर्षणाला सरावलेले. या आणे गावात रंगदासस्वामी महाराजांचे समाधिस्थान आहे. पौषातल्या त्यांच्या पुण्यतिथीच्या यात्रेचा महाप्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. आमटी देवळाजवळ मोठमोठ्या कढयांत शिजते. भाकरी मात्र आणे आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर घरोघरी थापल्या जातात आणि देवळाशी आणून एकत्र केल्या जातात. हजारो माणसे एका पंगतीच्या भावनेने ते अन्न घेतात.

या प्रसादाची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. एकट्या घराला यात्रेचे जेवण पेलणारे नाही, आणि कुणाकडून तशी अपेक्षाही नसते. प्रत्येक चुलीच्या वाट्याला तिच्या ऐपतीएवढ्या भाकरी येतात. दिवस ठरलेला, काम ठरलेले, आणि आपल्या घरची पाटी पोचली की नाही हे शेजाऱ्याला दिसणारे. महाराजांवरची श्रद्धा या कामाला कारण पुरवते, पण काम तडीला जाते ते वाटणीमुळे. ज्या पठारावर पाऊस कधी हात आखडता घेईल याचा नेम नाही, तिथे यात्रेकरूला पोटभर जेवू घालणे हा गावाने स्वतःवर घेतलेला वसा आहे, आणि तो पिढ्यान् पिढ्या टिकला आहे.

वारकरी परंपरेने हीच गोष्ट वैयक्तिक आचरणात आणली. तुळशीची माळ गळ्यात घालणे म्हणजे मद्य-मांस सोडणे, एकादशी धरणे, रोज हरिपाठ म्हणणे, परस्त्री मातेसमान मानणे आणि पंढरीची वारी करणे. माळ ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून घेतली जाते आणि ती उघड दिसते. माळकरी माणसाला दारूच्या बैठकीचा आग्रह कोणी करत नाही. केलाच तर इतर लोक आग्रह करणाऱ्यालाच गप्प करतात. बारीकशा तुळशीमण्यांचे हे सामर्थ्य समाजाने त्यांना दिलेल्या मानातून येते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहातही तेच दिसते. पहाटेचा काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन असा क्रम असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून वीणेचे पहारे वाटून दिलेले असतात. रात्री दोनला कोणी उभे राहायचे हे आधीच ठरते, आणि त्या वेळी झोपेतून उठणाऱ्याला बळ देते ते एकच: आपण गेलो नाही तर आधीच्या माणसाच्या हातातली वीणा कोणी घ्यायची?

आधुनिक मानसशास्त्र या अनुभवाच्या जवळ वेगळ्या वाटेने पोचले. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडले की ‘मी व्यायाम करीन’ एवढे ठरवण्यापेक्षा ‘अमुक वेळ झाली, अमुक ठिकाणी असलो की मी अमुक करीन’ असे ठरवणारी माणसे आपले ध्येय जास्त प्रमाणात गाठतात. काळ आणि स्थळ उच्चारणाऱ्या संकल्पाशी याचे नाते सहज ध्यानात येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक रोजची सवय लावून घ्यायला सांगितले. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यांक ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसांतले अंतर, १२ आठवड्यांपलीकडचा काळ अंदाजाने धरून, १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत होते. एकवीस दिवसांत सवय लागते, असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला या अभ्यासातून आधार मिळत नाही. चातुर्मासाची मुदत या ६६ दिवसांच्या जवळपास दुप्पट आहे. जुन्या रीतीने हा काळ प्रयोग करून ठरवला असे म्हणण्याचे कारण नाही. तो पावसाळ्याशी आणि शेतीच्या हंगामाशी जुळलेला आहे. पण तो पुरेसा लांब आहे, एवढे निश्चित.

मात्र संकल्प कोणी उच्चारायचा आणि कोणाच्या परवानगीने, हा प्रश्न या रीतीत फार काळ दडलेला राहिला. संकल्पाची भाषा संस्कृत. ती सांगणारे भटजी. यजमान त्यांच्यामागून शब्द म्हणणार, अनेकदा अर्थ न कळता. जुन्नर परिसराच्या स्मृतीत या प्रश्नाला फार आधी वाचा फुटली आहे. आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी दाखवतात. ज्याच्या मुखातून पैठणला वेद वदवले गेले तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. तुकोबांना मिळालेला मंत्र कोणालाही म्हणता येईल इतका सोपा होता, आणि तो स्वप्नात मिळाला, मध्ये कोणी पुरोहित नव्हता.

याच ओतुरात १८८० च्या दशकात गोष्ट कोर्टापर्यंत गेली. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको, हे त्याचे मुख्य सूत्र. सत्यशोधक लग्नात भटजी नसे. फुल्यांनी मराठीत रचलेल्या मंगलाष्टकांतून वधू आणि वर एकमेकांना वचने देत, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराकडून शब्द घेई. जुन्नर तालुक्यात समाजाचे काम जोरात होते. ओतूरच्या एका सत्यशोधक पाटलाने ग्रामजोश्याला न बोलावता लग्न लावले, तेव्हा जोशीपणाच्या वतनी हक्कासाठी दावा दाखल झाला. माणसाने आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत शब्द द्यायचा की नाही, हा त्या दाव्यामागचा खरा प्रश्न होता. श्रद्धेच्या इतिहासात तो दावा एखाद्या लढाईइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायाला दिलेल्या २२ प्रतिज्ञा हा या धाग्याचा सर्वांत मोठा आविष्कार. त्यांत काय मानणार नाही हे आहे, तसेच रोजच्या वागणुकीचे नेमही आहेत: चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. श्रद्धा बदलणे आणि स्वतःला सुधारणे या दोन गोष्टी तिथे एका दमात उच्चारल्या गेल्या, आणि त्याही मराठीत.

समूहाची साक्ष माणसाला बळ देते, तशी ती माणसांना बाहेरही ठेवते. इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. आपल्या लेखात त्यांनी वारीतली जिव्हाळ्याची एकी नोंदवली, आणि एकाच दिंडीत जातीजातींचे चालणे-जेवणे वेगळे असल्याची वेदनाही नोंदवली. विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १ मे ते १० मे १९४७ असे उपोषण करावे लागले. शतकानुशतके एकादशी धरणाऱ्या समाजाला समतेचा नेम धरायला एवढा उशीर लागला, ही बाब कोणत्याही भक्तिभावाने झाकता येणारी नाही.

आणे पठार ओलांडले की पारनेर तालुका लागतो. तिथल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून परतले आणि स्वतःजवळचे पैसे घालून त्यांनी यादवबाबांच्या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्या मंदिरात गावाने संकल्प केले: नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. पाणलोटाची कामे झाली, विहिरींना पाणी आले, आणि कोरडवाहू गावाचे चित्र बदलले. हिवरे बाजार गावाने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हीच वाट धरली आणि शेतीसाठी बोअर घेणे व जास्त पाण्याची पिके घेणे यांवरही स्वतःहून बंदी घातली.

राळेगणच्या कथेत एक काळी बाजू आहे. दारू पिऊन येणाऱ्यांना बांधून फटके मारल्याचे प्रसंग तिथे घडले, आणि आई जशी मुलाच्या भल्यासाठी कडू औषध पाजते तसे ते आहे, असे त्यांचे समर्थनही झाले. हे समर्थन मान्य करणे कठीण आहे. मारून सोडवलेली दारू ही पिणाऱ्याची सुधारणा ठरत नाही. त्याने काही ठरवलेलेच नसते. गावाला आपल्या हद्दीतले दुकान बंद करण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी सभ्य मार्गही आहे. महाराष्ट्रात गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेतले जाते, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी दुकानबंदीची खूण असलेल्या ‘आडवी बाटली’ला मत दिले तर दुकान बंद होते. ज्यांना दारूची झळ सर्वांत जास्त लागते त्यांच्या हातात निर्णय, आणि तोही कोणाच्या अंगाला हात न लावता. समाजाचे काम वातावरण बदलण्यापर्यंत आहे. आत पाऊल टाकायचे ते ज्याचे त्याने.

देवाचे नाव न घेताही ही रीत चालते. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. ४५ दिवसांच्या ठरावीक मुदतीत गावाने श्रमदानातून जलसंधारणाची कामे करायची, अशी तिची आखणी होती. पहिल्या वर्षी साताऱ्यातले वेळू गाव जिंकले. वर्षानुवर्षे एकत्र न आलेले गट त्या मुदतीपुरते एका बांधावर आले, याचे श्रेय दिसणाऱ्या कामाला आणि संपणाऱ्या मुदतीला आहे. बेमुदत आवाहनाने हे सहसा होत नाही.

नेम मोडला तर काय, या प्रश्नाचे उत्तर सर्वांत जास्त गरजेचे असते आणि संकल्पाच्या उत्साहात तेच राहून जाते. जानेवारीत ठरवलेला व्यायाम दोन दिवस चुकला की माणूस सगळेच सोडून देतो, कारण मोडलेला नेम त्याला स्वतःच्या नालायकपणाचा पुरावा वाटतो. लॅली यांच्या अभ्यासात मात्र एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला म्हणण्यासारखी बाधा आली नाही. जुन्या रीतीतही सोय होती: सुतक आले किंवा आजारपण आले तर दुसऱ्या कोणाकडून व्रत चालवून घेता येई, आणि चुकल्यास प्रायश्चित्त घेऊन पुढे जाता येई.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ही समज सर्वांत पक्की झाली आहे, कारण तिथे चूक जिवावर बेतते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीत माणूस जन्मभराची शपथ घेत नाही. आज प्यायची नाही, एवढेच तो ठरवतो. स्वतःपेक्षा मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवायचा, पण त्या शक्तीची कल्पना ज्याने त्याने करायची. त्यामुळे वारकरी, बौद्ध, ख्रिस्ती आणि नास्तिक एका वर्तुळात बसू शकतात. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रातही समूहात बसून मोकळेपणाने बोलण्याला उपचाराचा गाभा मानले जाते. ऐकणारे स्वतः त्याच वाटेने गेलेले असतात. तिथे कोणी घसरले तर त्याला हाकलत नाहीत. तो पुन्हा येतो, आपले नाव सांगतो, काय झाले ते सांगतो आणि पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो.