हाड मोडण्याआधी मोजून घेऊया!



"काही नाही गं, मोरीत जरा घसरले," असं आई फोनवर सांगते आणि दोन दिवसांनी कळतं की खुब्याचं हाड मोडलंय. असा फोन आपल्यापैकी कित्येकांनी घेतला असेल. हाडं आतून विरळ होताना दुखत नाहीत, त्यामुळे हाडांचा ठिसूळपणा, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, बऱ्याचदा हाड मोडल्यावरच कळतो. साध्या एक्स-रेतही तो दिसेपर्यंत बरीच झीज झालेली असते.

तो आधी ओळखण्यासाठी 'डेक्सा' तपासणी करतात. टेबलावर स्वस्थ पडून राहायचं. दोन वेगळ्या शक्तींचे एक्स-रे कंबरेच्या मणक्यांतून व खुब्यातून सोडतात. हाड आणि मांस ते कमी-जास्त अडवतात. त्या फरकावरून कॉम्प्युटर हाडातल्या खनिजांची घनता काढतो. सुई नाही, दुखणं नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम! किरणांचा डोसही छातीच्या एक्स-रेपेक्षा कमी.

रिपोर्टमध्ये 'टी-स्कोअर' असतो, म्हणजे तरुण, निरोगी हाडांशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान हाडं विरळ होऊ लागलेली, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पण नुसत्या आकड्याला घाबरू नका. लहान चणीच्या बायकांचा आकडा थोडा कमी येऊ शकतो. वय, आधीचं फ्रॅक्चर, स्टेरॉइडच्या गोळ्या, आईवडिलांचा मोडलेला खुबा हे सगळं पाहूनच डॉक्टर उपचार ठरवतात.

इथे अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या सर्व स्त्रियांना ही तपासणी सुचवतात. धोका जास्त असेल, तर पाळी गेल्यावर त्याआधीही. मैत्रिणींनो, पुढच्या चेकअपला डॉक्टरांना जरूर विचारा.

गावाकडच्या शिबिरांत बहुधा टाचेची तपासणी होते. ती अल्ट्रासाऊंडची, तिच्यावरून शंका येते, पक्कं निदान होत नाही. म्हणूनच यंदाच्या निधीतून, शिबिरात शंका आलेल्या बायकांच्या डेक्साचा आणि शहरापर्यंतच्या जाण्यायेण्याचा खर्च द्यायचं आम्ही ठरवलं आहे. शिबिर करून अर्ध्यावर सोडायचं नाही, एवढीच इच्छा!

आपला हात नेहमीच सढळ असतो. यंदाही तसाच असू द्या.