औद्योगिक सहकार्य, नवोत्पादनविषयक

औद्योगिक सहकार्य, नवोत्पादनविषयक : नवी वस्तू विकसित करून ती बाजारपेठेत आणण्यासाठी दोन वा अधिक स्वतंत्र संस्थांनी आपले ज्ञान, भांडवल, उत्पादनक्षमता किंवा विक्रीव्यवस्था एकत्र आणण्याची दीर्घ मुदतीची योजना. विलीनीकरणात घटकसंस्थांचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात येते, तर साध्या खरेदी-विक्रीच्या करारात जोखीम वाटून घेतली जात नाही. या दोहोंच्या दरम्यान अशा सहकार्याचे स्थान आहे. संशोधनाचा वाढता खर्च, यशाची अनिश्चितता आणि आवश्यक ते सर्व कौशल्य एकाच संस्थेपाशी नसणे, ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

प्रकार : (१) तंत्रविद्येचा परवाना : टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी मालमोटारींच्या उत्पादनासाठी करार केला. तो १९६९ मध्ये संपला. तत्पूर्वीच १९६६ मध्ये टेल्कोने पुण्यात स्वतःचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र उभारले होते. बजाज ऑटोचा इटलीच्या प्याज्जो कंपनीशी असलेला स्कूटरचा करार १९७१ मध्ये संपुष्टात आल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली. करार चालू असतानाच जी संस्था स्वतःची क्षमता वाढविते, तिलाच परवान्याचा स्थायी लाभ होतो. (२) भागभांडवली सहकार्य : बजाजने २००७ मध्ये केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीचे भाग घेतले. पुढे लहान क्षमतेच्या ‘ड्यूक’ मोटारसायकली चाकण येथे तयार होऊ लागल्या. (३) कच्च्या मालाची जोडणी : रायगड जिल्ह्यात अंबा नदीकाठी असलेल्या नागोठणे येथील वायुभंजन संकुल इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने उभारले. तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या उरण येथील प्रकल्पातून नळाने येणाऱ्या वायूपासून तेथे पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन इ. प्लॅस्टिके तयार होऊ लागली. संकुलाची उभारणीच अशा प्रकारे दुसऱ्या संस्थेच्या पुरवठ्यावर आधारलेली होती. ही कंपनी २००२ मध्ये रिलायन्सच्या नियंत्रणाखाली आली व २००७ मध्ये तीत विलीन झाली. पुढे दहेज येथे आयात होणारा एथेनही नळाने नागोठण्यास आणण्यात आला. एकाच पुरवठादारावरील अवलंबन त्यामुळे कमी झाले.

बहुसंस्था भागीदारी : या प्रकाराचे लक्षणीय उदाहरण पुण्यात घडले. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात १९९६-९७ मध्ये मस्तिष्कावरणशोथाची साथ येऊन सु. २५,००० माणसे दगावली. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याने या रोगाच्या ‘अ’ गटावरील लशीचा प्रकल्प हाती घेतला. मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी असावी, ही आफ्रिकी देशांची अट होती. एवढ्या अल्प किमतीत लस देण्याची तयारी सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने दाखविली. जीवाणूची बहुशर्करा ॲम्स्टरडॅमच्या सिंको कंपनीकडून आली, ती प्रथिनाशी जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून मिळाली आणि धनुर्वाताचे विषाभ सीरमने स्वतः पुरविले. ‘मेनआफ्रिव्हॅक’ या लशीस जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळून डिसेंबरमध्ये बुर्कीना फासोत सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. लसीकरण झालेल्या प्रदेशांतून ‘अ’ गटाचा रोग जवळजवळ नाहीसा झाला. याच सहकार्यातून पुढे पाच गटांवरील लस तयार झाली व तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

यशाच्या अटी : वरील प्रकल्पात किंमत आधी ठरविली गेली व तंत्रविद्या आणि भागीदार तिला अनुसरून निवडले गेले. प्रत्येक सहभागी संस्थेचे काम वेगळे व स्पष्ट होते आणि अंतिम खरेदीदाराची गरज प्रारंभापासून ज्ञात होती. याउलट, एकस्वाचे हक्क, नफ्याची वाटणी आणि करारसमाप्तीनंतरची व्यवस्था संदिग्ध राहिल्यास सहकार्याचे पर्यवसान वादात होते. केवळ विश्वासावर वा केवळ लेखी करारावर असे सहकार्य टिकत नाही. प्रत्येक सहभागी संस्थेपाशी इतरांना हवे असलेले काहीतरी सतत असावे लागते.